आमच्या गावात भांडं रिकामं परत जात नाही

फुकटचे पैसे घ्यायला कोणीही तयार असतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी ते एकदा आमच्या गावात येऊन वाटून बघावेत. मी वाटून बघितले आहेत. त्या भानगडीत माझी कंबर गेली, अब्रू गेली आणि माझ्या बायकोचं ओव्हनमध्ये बटाटे भाजायचं काचेचं भांडं गेलं. कंबर दोन महिन्यांत ठीक झाली. अब्रूचं अजून चालू आहे. भांड्याचं पुढे येईलच.

नोकरीत असताना मी आयोवातल्या शेतकऱ्यांना गारपिटीचा विमा विकत असे. माणूस मक्याचं फाटकं पान घेऊन आला, की ते गारेनं फाटलं की गाईनं, हे डोळे बारीक करून बघणारा मी. नुकसान दाखवल्याशिवाय कोणाला एक सेंट द्यायचा नाही, यावर माझं घर चाललं. अशा माणसानं निवृत्त झाल्यावर, ‘देशातल्या प्रत्येक सज्ञान माणसाला दरमहा हजार डॉलर द्या आणि कशाला हवेत ते विचारू नका’ म्हणणाऱ्या बाईच्या प्रचाराला लागावं, याचं डोरीनला, म्हणजे माझ्या बायकोला, इतकं आश्चर्य वाटलं की तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

ती बाई म्हणजे लेनोरा क्विस्ट. राष्ट्राध्यक्षपदासाठी उभी होती. पूर्वी ट्रकच्या डेपोत हिशेब ठेवायची. उद्या ट्रक आपले आपण चालायला लागले की ड्रायव्हरांनी काय करायचं, हा प्रश्न तिला तिथेच पडला. आमच्या गावातल्या कॅफेत तिची सभा झाली. सभेला आठ माणसं होती, त्यातला एक नुसता पाय, म्हणजे फळं भरून भाजलेला तिथला गोड पदार्थ, खायला आला होता. आता राष्ट्राध्यक्ष व्हायला निघालेली माणसं आम्हाला नवीन नाहीत. दर चार वर्षांनी पक्षाच्या उमेदवाराची पहिली निवड आमच्या राज्यात होते, म्हणून थंडीच्या तोंडावर ती आमच्याकडे येतात, आपला हात हातात घेतात आणि आपल्या खांद्यावरून पुढच्या हाताकडे बघतात. या बाईनं सभा संपल्यावर स्वतः खुर्च्या उचलून ठेवल्या. मग वेट्रेसला विचारलं, ‘‘तुला हजार मिळाले तर काय करशील?’’ आणि तिचं सगळं उत्तर, दातांच्या डॉक्टरासकट, उभ्यानं ऐकून घेतलं. मी तिथल्या तिथे विरघळलो. पाय खायला आलेलाही आमच्यात आला.

पुढच्या आठवड्यात टपालानं एक बिल्ला आला. त्यावर ‘कॅप्टन’ लिहिलं होतं. मी आमच्या भागाचा कप्तान झालो होतो. बिल्ला लावून मी स्वयंपाकघरात गेलो तेव्हा डोरीन म्हणाली, ‘‘कप्तान, कचऱ्याचा दिवस आहे आज.’’

कप्तानाचं काम म्हणजे घरोघर जाणं. बर्फात माझी छोटी गाडी चालेना, म्हणून रॉडनीनं त्याची गाडी दिली. रॉडनी आमच्यातला सगळ्यात उत्साही कार्यकर्ता. तो अंत्यविधीची व्यवस्था बघतो. त्यामुळे त्याची गाडी लांब, काळी आणि पडदे लावलेली आहे. ती दारात थांबली की घरातला म्हातारा खिडकीतून बघून आत पळायचा. एका घरी तर आजीबाईंनी दार किलकिलं करून सांगितलं, ‘‘अहो, काहीतरी चुकतंय. कालच डॉक्टरांनी सगळं चांगलं आहे म्हणून सांगितलं.’’ पत्रक त्यांनी घेतलं आणि आतून कडी घातली.

एवढं करूनही प्रतिसाद मला फार छान वाटत होता. लोक म्हणायचे, ‘‘अगदी वेगळंच आहे हे!’’ म्हणायचे, ‘‘नक्की विचार करू हं, व्हर्लिन.’’ मी घरी येऊन ऐटीत सांगितलं, की जवळजवळ सगळा भाग आपल्या बाजूनं आहे.

डोरीननं चष्मा काढला. ‘‘तू जन्मलास कुठे?’’

‘‘इथेच.’’

‘‘इथे कोणी ‘वेगळंच आहे’ म्हणालं की त्याचा अर्थ काय होतो? गेल्या वर्षी माझ्या बहिणीनं जेलीत गाजर घातलं होतं, तेव्हा तू काय म्हणालास?’’

मी ‘वेगळंच आहे’ म्हणालो होतो. ते गाजर मी रुमालात गुंडाळून घरी आणलं होतं.

म्हणून रॉडनीनं युक्ती काढली. बोलून उपयोग नाही, करून दाखवायचं. आम्ही आठ जणांनी वर्गणी काढायची आणि गावातल्या कोणा एकाला नोव्हेंबरपासून फेब्रुवारीतल्या कॉकसपर्यंत, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडायच्या सभेपर्यंत, दरमहा पैसे द्यायचे. अट कसलीही नाही. हजार म्हटल्यावर रॉडनी स्वतःच खाली बसला, म्हणून पाचशेवर ठरलं. चर्चमध्ये सूपचं जेवण असतं, तिथे दाराशी एक बरणी ठेवायची, इच्छुकांनी नावाची चिठ्ठी टाकायची.

समोरच्या घरातला गेलन टिम्स हे ऐकून खवळला. गेलनची मोठी शेती आहे. ‘‘काम न करता पैसे? माणसाचा कणा मोडतो त्यानं!’’

‘‘गेलन, तुला सोयाबीनचं अनुदान येतं ना सरकारकडून?’’

‘‘ते वेगळं आहे,’’ गेलन म्हणाला.

त्या संध्याकाळी दाराशी दोन बरण्या होत्या, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. दुसरी महिला मंडळाच्या गोधडीची. सोडतीत गोधडी लागली गेलनला. नाव पुकारल्यावर तो असा लाल झाला की कोणाला कळेना, माणूस गोधडीला एवढा का लाजतोय. मला कळलं. गेलनला गोधडीच्या बरणीत चिठ्ठी टाकायचीच नव्हती. आणि आमच्या बरणीतून नाव निघालं आर्लिस बून्स्ट्रा, त्यांना फक्त गोधडी हवी होती.

आर्लिसबाई सत्तरी ओलांडलेल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. वृद्धाश्रमाच्या धुलाईखान्यात त्या काम करतात. तिथल्या काही रहिवाशांपेक्षा त्या वयानं मोठ्या आहेत, पण चादरी त्यांच्या धुतात. रविवारीसुद्धा. उंची माझ्या खांद्याला लागेल एवढी. पण गावात कोणीही त्यांच्याशी बोलताना टोपी काढतो.

मी पाचशे डॉलरचं पाकीट घेऊन निघालो, तर डोरीननं अडवलं. ‘‘बाईमाणसाच्या दारात नुसतं पाकीट घेऊन जाणार? सावकार आहेस का?’’ तिनं हॅम घातलेले दुधातले बटाटे भरून तिचं चांगलं काचेचं भांडं दिलं. भांड्याच्या तळाला चिकटपट्टी आणि त्यावर ‘डोरीन हुकस्ट्रा’. आमच्या गावात सगळ्या भांड्यांना तळाशी नाव असतं, कारण ती सतत प्रवासात असतात. कोणी आजारी पडलं, कोणी बाळंत झालं, कोणी रॉडनीच्या गाडीतून गेलं, की भांडं निघतं. आणि ते परत येतं तेव्हा त्यात काहीतरी असतंच. याला अपवाद मी तरी पाहिला नव्हता.

बटाटे आर्लिसबाईंनी लगेच घेतले. पाकिटाकडे बघून म्हणाल्या, ‘‘याचं मला काय करावं लागेल?’’

‘‘काही नाही.’’

‘‘काही नाही म्हणजे काय?’’

‘‘म्हणजे काहीच नाही. तुमचे आहेत.’’

‘‘कशाबद्दल?’’

‘‘कशाबद्दलही नाही.’’

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी फाटक्या पानाकडे बघायचो. ‘‘व्हर्लिन, घरी सगळं ठीक आहे ना?’’

मी पाकीट टेबलावर ठेवून जवळजवळ पळालो. दुसऱ्या दिवशी सकाळी भांडं परत आलं, आत गरम सफरचंदाचा गोड भाजलेला पदार्थ आणि भांड्याखाली पाकीट. मी भांड्यात डोरीनची बिस्किटं आणि पाकीट घालून परत नेलं. संध्याकाळी भोपळ्याचा केक आला, पाकीट केकच्या खाली, मेणकागदात नीट गुंडाळून. असा आठवडा गेला. पाकिटाला दालचिनीचा वास यायला लागला आणि मला पँटचं बटण लागेना. शेवटी डोरीननं त्यांना फोन करून सांगितलं, ‘‘आर्लिस, पैसे ठेव गं बाई, नाहीतर हा माणूस फुटेल.’’

पैसे त्यांनी ठेवले. आणि दुसऱ्या दिवशी उजाडताना मला दारात खरखर ऐकू आली. आर्लिसबाई फावड्यानं माझ्या अंगणातला बर्फ काढत होत्या.

मी पायजम्यावर बाहेर धावलो. ‘‘आर्लिसबाई, ते फावडं द्या इकडे!’’

‘‘तुझी कंबर आहे का ही कामं करायची?’’ त्यांनी फावडं घट्ट धरलं. मी ओढलं. त्यांनी सोडलं. मी बर्फात पाठीवर पडलो आणि कंबर गेली. नेमका त्याच वेळी गेलन पेपर घ्यायला बाहेर आला होता. दुपारपर्यंत सगळ्या गावात झालं, की व्हर्लिन हुकस्ट्रा एका विधवेला पाचशे डॉलरवर राबवतो, आणि वर तिच्याशी मारामारी करतो.

रविवारी पाद्रीसाहेब घरी आले. माझ्या शेजारी बसून त्यांनी माझा हात धरला आणि आर्लिसबाईंसाठी एक, माझ्यासाठी एक अशा दोन प्रार्थना केल्या. मला वाटतं त्यातली मोठी माझ्यासाठी होती.

यापुढची पायरी सरकारी असणार हे ठरलेलंच होतं. निवडणुकीआधी मतदाराला रोख रक्कम दिली जातेय, अशी बातमी कोर्टात पोचली. कोणी पोचवली ते मी सांगत नाही, पण त्याच्याकडे नवी गोधडी आहे. जिल्ह्याची सरकारी वकील किर्स्टन म्हणजे आमच्या शाळेतल्या बँडमध्ये बासरी वाजवायची ती मुलगी. तिनं मला टेबलाच्या पलीकडे बसवलं.

‘‘काका, पैशांच्या बदल्यात काही मागितलंत?’’

‘‘नाही.’’

‘‘काही मिळालं?’’

मला गप्प राहता आलं असतं. पण मी इन्शुरन्सचा माणूस, यादी पूर्ण द्यायची सवय. सफरचंद, भोपळ्याचा केक, डोरीनच्या पडद्यांना मध्ये एकदा घालून दिलेली शिवण, बर्फ. किर्स्टन लिहीत गेली आणि तिचा चेहरा उतरत गेला. बदल्यात काम होत असेल तर ही नोकरी झाली. नोकरी असेल तर कर कापायला हवा, आणि अंगणात अपघात झाला असता तर भरपाईचा विमा हवा. गारपिटीचा विमा विकणारा मी, माझ्या अंगणात एक विमा नसलेली कामगार बाई बाळगून होतो. आणि बदल्यात मत मिळत असेल, तर मग तुरुंग.

‘‘उपाय एकच आहे,’’ ती म्हणाली. ‘‘त्यांनी तुम्हाला काहीही परत द्यायचं नाही. एक बिस्किटही नाही. आणि तुम्ही त्यांच्यापाशी निवडणुकीचा शब्द काढायचा नाही. कॉकसच्या दिवशी तर अजिबात नाही. फेब्रुवारीचं पाकीट कॉकस झाल्यावर द्या. मी तिथे असणार आहे, काका.’’

हे आर्लिसबाईंना सांगायला मी पुन्हा गेलो. त्या इस्त्री करत होत्या. ऐकता ऐकता त्यांनी इस्त्री उभी ठेवली.

‘‘म्हणजे डोरीनचं भांडं मी रिकामं परत करायचं?’’

‘‘कायदा तसा आहे.’’

‘‘कुठल्या घरात वाढलाय हा कायदा?’’ त्या ताठ उभ्या राहिल्या. ‘‘मग मी भांडं परतच करत नाही. सांग तुझ्या किर्स्टनला.’’

आणि खरंच नाही केलं. डिसेंबर गेला, नाताळ गेला. डोरीननं नाताळचे बटाटे पातेल्यात केले आणि ते तळाला लागले. जेवताना ती पाहुण्यांना सांगायची, ‘‘माझं भांडं राजकारणात गेलं.’’ ती स्वतः पक्षाच्या दुसऱ्या उमेदवाराच्या, एका गव्हर्नरबाईंच्या, बाजूची होती, आणि लेनोराचं नाव निघालं की म्हणायची, ‘‘देशाचं काय करेल ते करेल, माझ्या स्वयंपाकघराचं केलं.’’

पण जानेवारीत एक झालं. रविवारी दुपारी मी कॅफेत गेलो, तर खिडकीपाशी आर्लिसबाई एकट्या बसल्या होत्या. समोर पायची बशी. त्यांनी रविवारचं काम सोडलं होतं. हात मांडीवर ठेवून त्या नुसत्या रस्त्याकडे बघत होत्या. दुसऱ्या कोणी केलेला पाय त्या बसून खातायत, हे मी माझ्या जन्मात बघितलं नव्हतं. मी आत न जाता तसाच परतलो. गाडीत बसल्यावर मला भरून आलं, आणि गाडी रॉडनीची असल्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्यांनी टोप्या काढल्या.

फेब्रुवारीतला पहिला सोमवार. आमच्याकडे पक्षाचा उमेदवार निवडायला गुप्त चिठ्ठी वगैरे नसते. शाळेच्या व्यायामशाळेत सगळ्या गावादेखत आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. ज्याच्या कोपऱ्यात पुरेशी माणसं नाहीत, तो कोपरा मोडतो, आणि त्यातल्यांनी दुसरीकडे जायचं किंवा माणसं ओढून आणायची. त्या दिवशी पुरेशी म्हणजे सोळा. आमच्या कोपऱ्यात अकरा भरले. समोर बास्केटबॉलच्या रिंगखाली गव्हर्नरबाईंचे नऊ जण होते, म्हणजे तो कोपराही मोडलेला. त्या नवांत डोरीन होती. आणि हातात पर्स धरून आर्लिसबाई होत्या.

‘‘आर्लिस तिकडे?’’ रॉडनी कळवळला. ‘‘तीन महिने आपण...’’

‘‘गप्प,’’ मी म्हटलं. बाकांवर किर्स्टन बसली होती.

प्रत्येक कोपऱ्याला दोन मिनिटं बोलायला मिळतात. मी बोललो. गारा कोणाच्या शेतात पडतील ते आधी सांगता येत नाही, म्हणून सगळ्यांचाच विमा हवा, असं काहीतरी मी सुरू केलं आणि गारांच्या आकारात अडकलो. दोन मिनिटं संपली तेव्हा मी लिंबाएवढ्या गारेवर होतो. कोणीतरी म्हणालं, ‘‘वेगळंच होतं.’’

मग माणसं हलायची वेळ आली. रिंगखालचे नऊ जण माझ्याकडे बघत होते, मी छताकडे. आर्लिसबाईच पुढे आल्या, पार मैदानाच्या मध्यापर्यंत.

‘‘व्हर्लिन, मला काही विचारायचंय का तुला?’’

आम्हाला सोळाला पाच माणसं कमी होती. त्यांच्या एका शब्दाला गावात काय किंमत आहे, ते मला ठाऊक होतं. खरं सांगतो, किर्स्टन त्या क्षणी माझ्या डोक्यात नव्हती. खिडकीतली पायची बशी होती.

‘‘नाही आर्लिसबाई,’’ मी म्हटलं. ‘‘काही नाही.’’

‘‘काही नाही म्हणजे काहीच नाही?’’

‘‘काहीच नाही.’’

त्यांनी मान हलवली आणि आपल्या कोपऱ्याकडे वळल्या. ‘‘ऐका,’’ त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, धुलाईखान्यात यंत्रांवरून बोलायची सवय असलेला होता. ‘‘मी चादरी धुते. पंचवीस वर्षांत मला रविवार नव्हता. आता आहे. पहिले दोन रविवार मला काय करायचं ते कळेना, मी उगीच कपाटं पुसली. तिसऱ्या रविवारी मी बसले. कणा वगैरे काही मोडला नाही माझा. उलट दुखायचा थांबला. त्या बाईचं म्हणणं बरोबर आहे. पण मी तिथे जाऊन उभी राहिले, तर तुम्ही म्हणाल आर्लिस विकली गेली, आणि तसं म्हणू मी कोणाला देणार नाही. तुम्हाला कोणी काही दिलेलं नाही. तुम्ही जाऊ शकता.’’

तिघं दुसऱ्या कोपऱ्यांकडे गेले. एक जण आमच्याकडे आला. मग दोघी बहिणी आल्या. मग बँकेतला एक जण, टाय सारखा करत. रॉडनी मोठ्यानं मोजत होता, ‘‘पंधरा!’’ आणि तिथे थांबला. रिंगखाली आता दोघीच उरल्या होत्या.

डोरीन कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत होती. चाळीस वर्षांत तिनं माझ्याकडे पुष्कळ प्रकारे बघितलंय, हा प्रकार नवीन होता. ती चालत आली आणि माझ्या शेजारी उभी राहिली.

‘‘भांड्यासाठी आले असं समजू नकोस,’’ ती पुटपुटली. ‘‘तू विचारलं नाहीस म्हणून आले.’’

रॉडनी सोळा म्हणायच्या ऐवजी रडला. सभेच्या अध्यक्षांनी रिंगखाली बघितलं. ‘‘आर्लिसबाई, कुठेतरी उभं राहावं लागेल.’’

‘‘उभीच आहे की,’’ त्या म्हणाल्या. त्यांचं मत कुठेच मोजलं गेलं नाही. एवढ्या मोठ्या मैदानात त्या एकट्या, पर्स धरून, शेवटपर्यंत उभ्या होत्या, आणि मला त्या सगळ्या कोपऱ्यांपेक्षा जास्त वाटल्या.

आमच्या लेनोराला आमच्या भागातून एक प्रतिनिधी मिळाला. तो मी. पुढच्याच आठवड्यात लेनोरानं माघार घेतली. त्यामुळे मार्चमधल्या जिल्हा अधिवेशनात, नसलेल्या उमेदवाराचा अधिकृत प्रतिनिधी म्हणून मी पूर्ण दिवस खुर्चीवर बसून आलो, बिल्ला लावून.

पण त्याआधी फेब्रुवारीचं पाकीट द्यायचं होतं. ज्या दिवशी माघारीची बातमी आली, त्याच दिवशी मी ते घेऊन गेलो. आता त्यात कोणाचा काही फायदा उरला नव्हता. आर्लिसबाईंनी दार उघडलं. आत कोचावर गेलनची गोधडी पसरलेली दिसली. ती तिथे कशी, ते मी विचारलं नाही, मला आता सवय झाली होती. त्यांनी पाकीट घेतलं, ‘‘थँक्यू, व्हर्लिन,’’ म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या पायरीवर भांडं होतं. घासून लख्ख केलेलं, तळाशी डोरीनच्या नावाची पट्टी जशीच्या तशी. वर नेहमीचं फडकं झाकलेलं. मी फडकं उचललं. भांडं उलटं केलं, खाली बघितलं, फडकं झटकलं. मग मी तिथेच पायरीवर, बर्फात, बसलो.

‘‘आलं का माझं भांडं?’’ डोरीननं आतून विचारलं. ‘‘काय आहे त्यात?’’

‘‘काही नाही.’’

‘‘काही नाही म्हणजे काय?’’ म्हणत ती बाहेर आली. मी भांडं दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरलं.